आजीव सभासद : ध्येयनिष्ठेमागची एक विसरलेली व्यवस्था

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातील मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना त्यांच्या ध्येयनिष्ठेचे सगळे श्रेय आपण त्यांच्या स्वभावाला देऊन मोकळे होतो. आगरकर करारी होते, गोखले सौम्य पण अफाट कष्टाळू होते, कर्वे चिवट होते, हे शाळेच्या पुस्तकापासून मनावर ठसलेले असते. त्यात खोटे काही नाही, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. करारी, कष्टाळू आणि चिवट माणसे प्रत्येक पिढीत जन्माला येतात आणि त्यांतली फार थोडी आयुष्याच्या शेवटापर्यंत एका कामाला धरून राहतात. नाव झाले की मागण्या वाढतात, पदे चालून येतात, घरच्यांच्या अपेक्षा बदलतात, आणि सुरुवातीला जे काम म्हणून हाती घेतलेले असते ते हळूहळू प्रतिष्ठेचे साधन होऊन बसते. पुण्यात मात्र १८८० नंतरच्या तीन-चार दशकांत एकापाठोपाठ एक अशी माणसे दिसतात की ज्यांचा प्रभाव वाढत गेला आणि तरीही हेतू जागच्या जागी राहिला. एका शहरात, एका काळात हे इतक्या वेळा घडते तेव्हा त्याला नुसता योगायोग म्हणता येत नाही. या माणसांच्या मागे एक प्रथा उभी होती. आजीव सभासदत्व हे तिचे नाव. ध्येय टिकवण्याचा भार एकट्या माणसाच्या मनोबलावर न टाकता तो पगार, मुदत, सहकारी आणि रोजचे काम यांत वाटून देणारी ही व्यवस्था होती, आणि तिचा इतिहास आजही विचार करण्याजोगा आहे.

या प्रथेची सुरुवात एका राजीनाम्यापासून झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १८८०च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी सुरुवातीलाच सामील झाले. संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे आणि एम.ए. करून आलेले आगरकर पाठोपाठ आले. हे सगळे पंचविशी-तिशीतले तरुण होते. विद्यापीठाची पदवी तेव्हा इतकी दुर्मीळ होती की सरकारी खात्यात किंवा एखाद्या संस्थानात त्यांना सन्मानाची जागा सहज मिळाली असती. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र मराठी माणसाला ठाऊक आहे. मुलगा शिकला, आता मोठा पगार घरी येईल, या आशेवर तिने बसू नये, पोटापुरत्या पैशात समाधान मानून सारा वेळ लोकांसाठी घालवायचा आपला निश्चय आहे, असे त्यांनी तिला आधीच कळवून टाकले. हा निश्चय उदात्त होता यात शंका नाही. पण तो अजून एका व्यक्तीचा निश्चय होता, आणि असे निश्चय परिस्थितीच्या रेट्याखाली किती सहज मोडतात हे त्या मंडळींनाही कळत होते. १८८२च्या मार्चमध्ये चिपळूणकर गेले तेव्हा त्यांनी वयाची बत्तीस वर्षेही पुरी केली नव्हती. त्याच वर्षी कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरील टीकेतून उभ्या राहिलेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. संस्थापक जातो, दोन कर्ते शिक्षक तुरुंगात जातात, तरी शाळा चालली पाहिजे, या गरजेतून संस्थेला नियमांचा आधार द्यायचे ठरले.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या सोसायटीने जी घडण स्वीकारली तीच आपल्या विषयाचा गाभा आहे. शिकवणाऱ्यांपैकी जे आजीव सभासद होतील त्यांनी किमान वीस वर्षे संस्थेत काम करायचे. महिन्याला पगार ७५ रुपये. आयुष्याचा विमा ३,००० रुपयांचा, म्हणजे माणूस अकाली गेला तर कुटुंब अगदीच उघड्यावर पडू नये. मुदत पुरी झाल्यावर लहानसे निवृत्तिवेतन. शिवाय संस्थेचा कारभार याच सभासदांनी मिळून चालवायचा. कॉलेजचा प्राचार्य झाला तरी तो इतर सभासदांचा मालक होत नसे. दिसायला हे कोरडे नियम आहेत, पण माणसाच्या मनावरचा त्यांचा परिणाम खोल होता. पगार ठरून गेला की आणखी किती मिळेल हा प्रश्न रोज मनात उठत नाही. मुदत ठरली की दर वर्षी नव्याने निर्णय करावा लागत नाही. विमा आणि निवृत्तिवेतन असले की त्याग करणारा माणूस घरच्यांच्या भवितव्यावर बेदरकारपणे पाणी सोडत नाही, आणि बरोबरीचे सहकारी असले की आपल्या वागण्याचा जाब विचारणारे कोणीतरी कायम समोर असते. त्यागाला या मंडळींनी हिशेब जोडला, आणि त्या हिशेबानेच त्याग टिकला.

यावर पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. असे नियम मान्य करणारी माणसे मुळातच ध्येयनिष्ठ होती. प्रथेने त्यांना घडवले नाही, फक्त गोळा केले. हा आक्षेप गोपाळ कृष्ण गोखले यांच्या उदाहरणावर तपासून पाहावा. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालेला हा अठरा वर्षांचा मुलगा आयुष्याचे काय करायचे याबद्दल मुळीच ठाम नव्हता. त्याने अभियांत्रिकीचा विचार केला, वकिलीचा अभ्यास सुरू केला. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, १५ रुपयांच्या पगारातून महिन्याला ८ रुपये पाठवून त्याला शिकवले होते. त्या ऋणाची जाणीव त्याला जास्त मिळकतीकडेच ढकलत होती. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर तो आला तो सहायक शिक्षक म्हणून, आणि पुढे वकील होण्याचा बेत मनात ठेवूनच. १८८६ साली आजीव सभासदत्व स्वीकारल्यावर हे सगळे मार्ग त्याच्यापुरते बंद झाले. नंतर ज्या गोखल्यांना देशाने ओळखले ते या बंधनाच्या आत तयार झाले. गणित शिकवायला माणूस हवा होता तेव्हा त्यांनी गणित शिकवले, इंग्रजीची गरज पडली तेव्हा इंग्रजी, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र. कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी मागत ते सुट्टीत गावोगाव हिंडले. महादेव गोविंद रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवाल वाचणे, आकडे ताडून पाहणे, अर्ज तयार करणे याची उमेदवारी त्यांनी कित्येक वर्षे केली. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळातल्या अर्थसंकल्पावरच्या पहिल्या भाषणाने त्यांनी सरकारला चकित केले, त्याची तयारी या उमेदवारीत झाली होती. आधी निष्ठा आणि मग बंधन असा क्रम येथे दिसत नाही. बंधन आधी आले आणि निष्ठा त्यात वाढली.

अशा व्यवस्थेची खरी पारख यशाच्या दिवसांत होत नाही, मानहानीच्या दिवसांत होते. १८९७ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले. साक्ष उत्तम झाली. पण तेथे असताना पुण्यातल्या प्लेगच्या तपासण्यांत गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, त्यांनी जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. प्लेगच्या बंदोबस्तावरचा अधिकारी रँड याच्या खुनानंतर शहरावर दहशत होती, पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड करता येत नव्हती आणि आरोप सिद्ध होत नव्हते. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. सरकारी वर्तुळात ते हलके ठरले आणि स्वकीयांनी त्यांना भेकड म्हटले. नुसत्या लोकप्रियतेवर उभा असलेला पुढारी अशा वेळी सार्वजनिक जीवनातून उठून जातो, नाहीतर गेलेली पत परत मिळवण्यासाठी पूर्वीपेक्षा भडक बोलू लागतो. गोखल्यांना या दोन्हींतले काहीच करावे लागले नाही, कारण लोकांनी डोक्यावर घेतले काय किंवा धिक्कारले काय, त्यांना उद्या सकाळी वर्गावर जायचे होते. पाठीशी रानडे होते, सहकारी होते, विद्यार्थी होते. प्लेगनिवारणाच्या कामात त्यांनी स्वयंसेवक म्हणून राबायला सुरुवात केली, आणि दोनेक वर्षांत ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. माणसाला त्याच्या अपयशापेक्षा मोठे असे काही काम रोज करावे लागत असेल तर अपयश त्याला मोडू शकत नाही, हे यातून दिसते.

धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यात याच प्रथेची दुसरी बाजू दिसते. गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ साली ते गणित शिकवण्यासाठी फर्ग्युसनमध्ये आले आणि पुढच्या वर्षी आजीव सभासद झाले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आईच्या भेटीलाही जाणे अवघड झाले. त्या काळी बहिष्कृत माणसाचे धंदे बुडत, भाड्याने घर मिळत नसे. कर्व्यांची कॉलेजातली जागा मात्र शाबूत राहिली, कारण ती गावाच्या मर्जीवर किंवा एखाद्या धनिकाच्या कृपेवर अवलंबून नव्हती. या सुरक्षित जागेवर उभे राहूनच त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली, १९०० साली ती हिंगण्याच्या माळावर नेली, आणि दिवसा गणित शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचा शिरस्ता ठेवला. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९१४ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनी महिला विद्यापीठ उभे राहिले. फर्ग्युसनने कर्व्यांना फार मोठा पगार दिला नाही. समाजाच्या रोषाला तोंड देताना पाय रोवायला जमीन मात्र दिली, आणि समाजसुधारकाला तिचीच सर्वाधिक गरज असते. या प्रथेचे मोल कर्व्यांनी स्वतःच ओळखले होते. १९०८ साली त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला तो हाच नमुना स्त्रीशिक्षणाच्या कामाला लावण्यासाठी, आणि त्याच्या व्रतात त्यांनी स्त्रियांनाही सामावून घेतले.

गोखल्यांनी हीच कल्पना कॉलेजच्या आवाराबाहेर नेली. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना झाली. त्यांच्यासह नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे पहिले सभासद. समाजाच्या सात प्रतिज्ञांत देशाला मनात पहिले स्थान देणे, सेवेतून स्वतःचा लाभ न साधणे, जात आणि पंथ न पाहता सर्व भारतीयांना भाऊ मानणे, समाज जी तरतूद करील तिच्यावर संतुष्ट राहून स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती न घालवणे, खासगी जीवन शुद्ध ठेवणे आणि कोणाशी वैयक्तिक भांडण न करणे या गोष्टी होत्या. नव्या सभासदाला पाच वर्षे शिकाऊ म्हणून राहावे लागे. अभ्यास करायचा, देशभर फिरायचे आणि मत देण्यापूर्वी परिस्थिती समजून घ्यायची. राजकारण हे फावल्या वेळचे काम राहिले तर ते बोलक्या वकिलांच्या हाती राहील आणि पोटाचे साधन झाले तर लोभी माणसांच्या हाती जाईल, ही गोखल्यांची काळजी होती. म्हणून देशसेवा हेच ज्याचे पूर्णवेळ काम आहे आणि त्या कामातून ज्याला काहीही कमवायचे नाही, असा नवा वर्ग त्यांना तयार करायचा होता. १९१५ च्या आरंभी गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांनाही एक वर्ष जाहीर प्रश्नांवर न बोलता देश पाहण्याचे वचन द्यायला लावले. जगभर नाव झालेल्या पंचेचाळीस वर्षांच्या पुढाऱ्याने ते मानले आणि पाळले.

या समाजातून बाहेर पडलेल्या कामांकडे पाहिले म्हणजे प्रथेची ताकद लक्षात येते. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्यासमवेत १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे केले आणि पुढे सहकारी चळवळीत आयुष्य घातले. नारायण मल्हार जोशी १९०९ साली सभासद झाले, मुंबईच्या गिरणगावात उतरले, १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. अमृतलाल ठक्कर मुंबई महापालिकेत अभियंता होते. सफाई कामगारांच्या वस्त्यांतले हाल त्यांनी नोकरीत पाहिले, आणि १९१४ साली, चव्वेचाळिशी उलटत आली असताना, नोकरी सोडून ते सभासद झाले. पुढे दाहोदला भिल्लांमध्ये आणि हरिजन सेवक संघात त्यांनी जे केले त्यामुळे देश त्यांना ठक्करबापा म्हणू लागला. यांतले कोणीही सभा गाजवणारे नव्हते. गिरणीच्या फाटकापाशी, आश्रमशाळेत, पतपेढीच्या वहीत चालणारे, ज्याला टाळ्या पडत नाहीत असे काम त्यांनी दोन-दोन, तीन-तीन दशके केले. त्यांना टाळ्यांची गरज पडली नाही याचे एक कारण असे की त्यांची कदर करणारी, हिशेब मागणारी आणि आजारपणात सांभाळणारी मंडळी समाजाने आधीच त्यांच्याभोवती उभी केली होती.

आता दुसरा, सगळ्यात जड आक्षेप. लोकमान्य टिळकांनी १८९० च्या अखेरीस सोसायटीचा राजीनामा दिला आणि त्यानंतरच ते खऱ्या अर्थाने देशाचे नेते झाले. मग आजीव सभासदत्व ध्येयाला आवश्यक होते असे कसे म्हणता येईल? येथे राजीनाम्याचे कारण नीट पाहिले पाहिजे. पगारवाढीचा प्रश्न, देणगीच्या वाटपाचा प्रश्न, सभासदांनी बाहेरची मिळकत आणि बाहेरची कामे स्वीकारावीत की नाही हा प्रश्न, यांवरून वर्षानुवर्षे वाद चालला होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा तो टोकाला गेला. टिळकांचे म्हणणे असे की जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सभासदाने सगळी शक्ती संस्थेलाच द्यावी, पगारापलीकडचे उत्पन्नही संस्थेचे मानावे. आगरकर-गोखल्यांना हे अव्यवहार्य वाटत होते. म्हणजे टिळक बाहेर पडले ते बंधन नको म्हणून नव्हे, बंधन सैल होते आहे म्हणून. बाहेर पडल्यावरही त्यांनी स्वतःला मोकळे सोडले नाही. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रे कर्जासकट अंगावर घेतली, पोटासाठी कायद्याचे वर्ग चालवले, आणि दर आठवड्याला अंक काढण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली. १९०८ ते १९१४ ही मंडालेच्या तुरुंगातली वर्षे पार पडत असताना पत्र बंद पडले नाही, कारण तोवर तेही सहकाऱ्यांच्या बळावर उभे राहिलेले संस्थात्मक काम झाले होते. टिळकांचे उदाहरण या सिद्धांताला छेद देत नाही. साधन बदलले तरी आधाराची गरज बदलत नाही, हेच त्यातून सिद्ध होते. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नियमांचा अर्थ लावण्यावरून इतक्या मोठ्या माणसांची फाटाफूट झाली, आगरकर आणि टिळक यांच्यासारख्या मित्रांत कायमचे वितुष्ट आले. बरोबरीच्या माणसांनी चालवलेल्या संस्थेत वाद होणारच, आणि ते मिटवण्याची रीत या प्रथेला शेवटपर्यंत नीट सापडली नाही.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. हा त्याग कोणाला परवडत होता? सोसायटीचे संस्थापक सगळे ब्राह्मण पुरुष होते. ७५ रुपये त्यांच्या योग्यतेच्या मानाने थोडे असले तरी त्या काळच्या शेतमजुराच्या किंवा प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने ती चैन होती. शिवाय त्यागाचा मोठा वाटा घरातल्या बायकांनी उचलला आणि त्यांच्या नावापुढे आजीव सभासद ही पदवी कधी लागली नाही. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच लग्नापूर्वीच्या गोदूबाई, यांनी ‘माझे पुराण’मध्ये संसाराची जी ओढाताण सांगितली आहे ती वाचल्यावर ध्येयवादाचा जमाखर्च कोणाच्या अंगावर पडत होता हे स्पष्ट होते. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी वर्गणी गोळा करत सारा देश आणि पुढे अमेरिकाही पालथी घातली. त्यांचे नाव मात्र कर्व्यांच्या नावामागे झाकले जाते. या माणसांनी आयुष्यही झपाट्याने खर्चून टाकले. आपटे पस्तिशीही न गाठता गेले, आगरकर अडतिसाव्या वर्षी, गोखले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. विश्रांतीची, प्रकृतीची काळजी घेण्याची तरतूद कोणत्याच प्रतिज्ञेत नव्हती. हे सगळे दोष खरे आहेत आणि प्रथेची स्तुती करताना ते बाजूला ठेवणे अप्रामाणिक ठरेल.

बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातली एक घटना या आक्षेपाला अधिक धार देते. परदेशी शिक्षणासाठी बडोदे संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली तेव्हा त्यांनीही दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार केला होता. १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले. कचेरीत शिपाई कागद हातात देण्याऐवजी लांबून फेकत, शहरात राहायला जागा मिळेना, पारशी खाणावळीतून त्यांना धमकावून बाहेर काढण्यात आले. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावे लागले. करार होता, मुदत होती, पगारही होता. बरोबरीचा सन्मान देणारे सहकारी नव्हते. यावरून या प्रथेचा कणा कोठे होता ते कळते. पगार आणि मुदत हे तिचे बाह्य अंग. सभासदांची समानता हा तिचा प्राण. समानता नसेल तर सेवेचे बंधन वेठबिगारीच्या जवळ जाते. फर्ग्युसनच्या सभासदांना ही समानता आयती मिळाली होती, कारण जातीने ते एकाच पंक्तीत बसणारे होते. ज्यांना ती नाकारली गेली त्यांना आधी ती मिळवण्यासाठी लढावे लागले.

आणि त्यांनी लढताना आपापल्या संस्थाही उभ्या केल्या, हे येथे महत्त्वाचे आहे. महात्मा फुल्यांना कोणी आजीव सभासद करून घेतले नव्हते. त्यांनी ठेकेदारीच्या व्यवसायातून आपली उपजीविका स्वतंत्र ठेवली, म्हणून सरकार किंवा सावकार यांच्यापुढे त्यांना मान लववावी लागली नाही. आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून एकमेकांना प्रतिज्ञेने बांधलेल्या सोबत्यांची फळी त्यांनी तयार केली. स्वतंत्र उपजीविका, प्रतिज्ञा, सोबती आणि रोजचे काम, हे सगळे घटक तेथे आहेत. पुण्याच्या कॉलेजवाल्यांच्या दहा-अकरा वर्षे आधी आहेत. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला नेली. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात ठेवून, श्रमाच्या बदल्यात शिक्षण देणारी ती चळवळ होती. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणारे सेवक या संस्थेलाही मिळाले आणि तेही शेतकऱ्यांच्या, कष्टकऱ्यांच्या घरांतून आले. म्हणजे ही प्रथा एका जातीची मिरास नव्हती. जेथे जेथे ती सन्मानाच्या पायावर उभी राहिली तेथे तेथे तिने तेच फळ दिले.

चौथा आक्षेप असा की व्यवस्था माणसाला एकनिष्ठ बनवते, शहाणे बनवतेच असे नाही. हेही खरे आहे. गोखल्यांच्या मृत्यूनंतर भारत सेवक समाजात गांधीजींना घ्यायचे की नाही यावर मतभेद झाले आणि गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. काळ सत्याग्रहाकडे वळत असताना समाज अर्ज-विनंत्यांच्या आणि अभ्यासाच्या वाटेवर राहिला व मागे पडला. ज्या नियमांनी सभासदांना भरकटू दिले नाही त्याच नियमांनी त्यांना नव्या वाटेवर पाऊल टाकू दिले नाही. पण गोखले गेले त्याच वर्षी गांधीजींनी अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम काढला तेव्हा त्याचा पाया त्यांनी व्रतांवरच घातला, आणि लाला लजपतराय यांनी १९२१ साली लाहोरला लोकसेवक मंडळ काढले तेही आजीव सभासदांचेच. मार्ग बदलणाऱ्यांनाही ही घडण टाकून देता आली नाही. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्यांनी निराश होऊन सार्वजनिक जीवन सोडले नाही, मरेपर्यंत काम चालू ठेवले. फळ न मिळताही काम चालू ठेवण्याची ही ताकद शहाणपणाइतकीच दुर्मीळ आहे, आणि ती व्यवस्थेतून येते.

स्वातंत्र्यानंतर सरकारी अनुदान आले, वेतनश्रेण्या आल्या, शिक्षकाचा पगार संस्थेच्या हातून गेला. हे योग्यच झाले. शिक्षकाने अर्धपोटी राहावे अशी अपेक्षा कोणत्याही समाजाने करू नये. पण पगाराबरोबर बरोबरीच्या सभासदांचा कारभारही गेला. कित्येक संस्थांत वीस वर्षे राबणाऱ्यांच्या मंडळाच्या जागी एका घराण्याचा किंवा एका पुढाऱ्याचा ताबा आला. सार्वजनिक कार्यकर्त्याला आज दोनच वाटा दिसतात. एकतर स्वतःच्या खिशातून काम करायचे, म्हणजे ते श्रीमंतांनाच जमणार. नाहीतर कोणातरी मोठ्या माणसाच्या आश्रयाने करायचे, म्हणजे हेतू त्याच्या मर्जीप्रमाणे वळणार. तिसरी वाट या मातीत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी घातली गेली होती आणि ती आपण बुजू दिली.

नेत्यांनी ध्येयनिष्ठ असावे असे भाषणांतून सांगून काही होत नाही. ज्यांच्या हाती आज शाळा, विश्वस्त संस्था, सहकारी संघ, कामगार संघटना किंवा पक्ष आहेत त्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. कार्यकर्त्याला पोटापुरते आणि कुटुंबाच्या भविष्यापुरते निश्चित मानधन द्यावे, आणि त्यापलीकडे काही मिळणार नाही हेही निश्चित करावे. कामाला मुदत असावी. कारभार बरोबरीच्या सभासदांच्या हाती असावा आणि त्यांत ज्यांना आजवर बाहेर ठेवले गेले त्या जातींची माणसे आणि स्त्रिया पूर्ण हक्काने असाव्यात. नेता कितीही मोठा झाला तरी रोजच्या कामाचा एक वाटा त्याने स्वतःच्या हाताने उचलावा. आगरकर, गोखले, कर्वे, जोशी आणि ठक्करबापा यांच्यासारखी माणसे पुन्हा हवी असतील तर त्यांचे आणखी पुतळे नकोत, ते पुरेसे आहेत. कमतरता आहे ती त्यांना उभे करणाऱ्या संस्थांची, आणि ती भरून काढणे आपल्या हातात आहे.